भेट नाकारता येत नाही

‘तू जा. आईंचं मी बघतो,’ नवरा म्हणाला आणि पावाच्या तुकड्यावर लोणी पसरत राहिला. कडेपर्यंत, चारी कोपऱ्यांत सारखं, जसं तो सगळंच करतो. ती पुढच्या वाक्याची वाट बघत राहिली. पुढचं वाक्य आलं नाही. त्याने पाव खाल्ला, बोटं पुसली, बशी विसळून ठेवली आणि तो आपल्या कामाच्या खोलीत गेला. थोड्या वेळाने तिथून लहान यंत्राची घरघर ऐकू आली, म्हणजे कुणाचा तरी दात घासायला तो बसला होता. दातांचे डॉक्टर मापं पाठवायचे आणि तो कवळ्या बनवून द्यायचा. काम घरूनच चाले. ती मात्र हातात कप धरून तिथेच उभी. इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने तिला काही दिलं नव्हतं असं नाही. पण एवढं मोठं, न मागता, आणि पुढे ‘पण’ न लावता? एक अख्खं वर्ष. तिच्या आईचा अधू झालेला डावा हात, गोळ्या, पथ्य, आंघोळ घालायला येणाऱ्या बाईंच्या वेळा आणि त्यांचे रुसवे, सगळं आपल्या अंगावर घेतो म्हणाला तो, लोणी लावता लावता. मनात पहिल्यांदा आभार यायला हवे होते. आला तो प्रश्न : आणि त्या बदल्यात?

असा प्रश्न पडायची सवय कामामुळे लागली, अशी तिने स्वतःची समजूत घातली. ती पत्त्यांचे खेळ तपासत असे. जुगाराचे नव्हेत, ज्यात प्रत्येकाने पाकिटं विकत घेऊन, मित्रांशी अदलाबदल करून आपापला गठ्ठा जमवायचा आणि मग तो घेऊन दुसऱ्याच्या गठ्ठ्याशी लढायचं, तसले. शिकली होती रसायनशास्त्र, आणि कुठल्या द्रवाचे किती थेंब पडले की रंग पालटतो हे बघण्यात उमेदीची काही वर्षं घालवल्यावर या कंपनीत आली होती. आई पाहुण्यांना सांगे, ‘दिवसभर पत्ते कुटते आणि वर पगार घेते. आमच्या वेळी अशाने मुली बिघडायच्या.’ खेळ रचण्याचं काम मास्तरांचं. ते पूर्वी शाळेत भूगोल शिकवत, म्हणून मास्तर. कुठला पत्ता जड होतोय, कुठला हलका, कुणाच्या हातात गेल्यावर डाव एकतर्फी होतो, हे तोलायचं काम तिचं, म्हणून ती तराजूबाई. नव्या संचासाठी मास्तरांनी एक युक्ती काढली होती आणि तिचं नाव ठेवलं होतं ‘भेट’. खेळ बागांचा, दोघांनी समोरासमोर झाडं लावायची आणि एकमेकांची बाग उजाड करायची. ‘पूर’ हा पत्ता नुसता टाकला तर समोरच्याचं एक झाड वाहून जाई. पण टाकण्याआधी तुम्ही समोरच्याला एक जादा पत्ता उचलू दिलात, तर तोच पूर त्याची सगळी बाग घेऊन जाई. नियम असा की ‘भेट’ हा शब्द तोंडाने म्हणायचा, देणं आधी आणि घाव नंतर, आणि समोरच्याला भेट नाकारता येत नाही.

‘माणसाचा स्वभावच आहे हा, तराजूबाई,’ मास्तर म्हणाले होते. ‘सुरी फिरवण्याआधी आपण पाठीवरून हात फिरवतो.’

‘तुम्ही फिरवत असाल.’

‘छे! मी थेट सुरी. म्हणून तर शाळेने नारळ दिला.’

याच मास्तरांनी घरी फोन करून घोळ घातला होता. दुसऱ्या शहरातल्या मुख्य कचेरीने तिला तिथला तपासणी विभाग वर्षभर चालवायला बोलावलं होतं. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं. तिने ते घरी सांगितलंच नव्हतं. आईला सोडून जाणं शक्य नव्हतं, तेव्हा सांगून तरी काय, असं तिने ठरवलं होतं, आणि ठरवताना आपल्याला जायचं आहे की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला होता. जायचं होतं. तिथल्या खोल्यांची छायाचित्रं तिने पाहिली होती, मोठ्या खिडक्या, रांगेने मांडलेली टेबलं, आणि एका टेबलापाशी स्वतःला बसवूनही पाहिलं होतं. मास्तरांनी फोन केला, तो नवऱ्याने उचलला, ‘अभिनंदन, अभिनंदन’ झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लोणी लावता लावता ते वाक्य आलं. रात्रभर तो विचार करत असणार. कशाचा?

तिचे वडील देत असत. त्यांची नोकरी बदलीची होती, आणि बदलीचा हुकूम आला की ते संध्याकाळी हातात पुडकं घेऊन घरी येत. जेवणं होईपर्यंत कुणी काही बोलत नसे. मग ते सांगत, गाव कुठलं, शाळा कुठली, जायचं कधी. पहिल्या एक-दोन वेळा ती पुडकं बघून नाचली होती. पुढे पुडकं बघितलं की तिला रडू येई, आणि वडील गोंधळून जात, कारण ते मनापासून आणलेलं असे. एकदा तिने पुडकं उघडलंच नाही. जोवर उघडत नाही तोवर आपण ते घेतलेलं नाही, आणि घेतलं नाही म्हणजे जावंही लागणार नाही, असा तिचा हिशेब होता. ते पुडकं तसंच ट्रकमध्ये चढलं, नव्या घराच्या माळ्यावर गेलं, आणि केव्हातरी साफसफाईत आईने ते उघडलं तेव्हा आत चाकांचे बूट निघाले. तोवर तिचा पाय वाढला होता. आई हसत म्हणाली होती, ‘बघ, घेतले असतेस तर घसरली तरी असतीस.’ वडील हसले नाहीत. त्यांचा तो चेहरा तिला आताही डोळ्यांपुढे आणता येई. पण आणला की त्यामागोमाग जुन्या घराचं रिकामं झालेलं स्वयंपाकघर येई, आणि मग कुणाची बाजू घ्यावी ते कळेनासं होई.

ती बघू लागली. घरी बघण्यासारखं पुष्कळ होतं, आणि बघणं तिला येत होतं. नवऱ्याने आईची खुर्ची मध्यंतरी आपल्या कामाच्या खोलीत नेली होती, ‘तिथे ऊन चांगलं येतं’ म्हणून. संध्याकाळी ती दाराशी येई तेव्हा आतून दोघांचं हसणं ऐकू येई. किल्ली कुलपात फिरली की हसणं खाली बसे, दूध उतू जाता जाता खाली बसावं तसं. हे किती दिवस चाललं होतं? पूर्वी तिने तो योगायोग धरला होता. आता ती किल्ली हातात धरून दाराबाहेर थांबे, ऐके, आणि मग फिरवे. प्रत्येक वेळी तेच. एकदा आईच्या हनुवटीला बिस्किटाचा चुरा लागलेला दिसला. आईला गोड बंद होतं.

‘बिस्किट खाल्लंस?’

‘कुठलं बिस्किट?’ आई म्हणाली, आणि चुरा हलला.

‘प्लास्टर असेल ते,’ नवरा मान वर न करता म्हणाला. ‘इथे सगळीकडे उडतं. परवा माझ्या चहात होतं.’

प्लास्टर पांढरं असतं आणि बिस्किट भुरकं, हे दातांच्या रंगपट्टीवर जन्म काढणाऱ्या माणसाला तिने सांगायला हवं होतं? म्हणजे दोघांचं संगनमत होतं. एकदा हा शब्द सापडल्यावर बाकीच्या गोष्टी आपसूक त्याच्याभोवती येऊन चिकटल्या. आईच्या झग्याची बटणं एक घर सोडून लावलेली असत आणि ते दोघांनाही चालत असे. चालण्याचा व्यायाम झाला का विचारलं की दोघं एकदम ‘हो’ म्हणत. खरं बोलणारी माणसं इतकी एकदम बोलत नाहीत. मग वाटलं, हे एवढंच नसणार. त्याला दातांच्या एका डॉक्टरीणबाईंचे फोन येत. त्या मोकळ्या स्वभावाच्या होत्या, मोठ्याने हसत. एक दिवस डोकं दुखतं म्हणून ती दुपारीच घरी आली आणि चपला काढायच्या निमित्ताने बाहेरच्या खोलीत फोन ऐकत बसली. तो एका सुळ्याच्या रंगाबद्दल बोलत होता. बराच वेळ. रंग किंचित पिवळट घ्या, माणूस सिगारेट ओढतो, पांढराशुभ्र केला तर तोंडात पाहुण्यासारखा दिसेल. तिला स्वतःची किळस आली, आणि त्याच क्षणी हेही मनात आलं की तिची किल्ली ऐकून त्याने विषय बदलला असेल.

तिने आईला आडून विचारून पाहिलं. आई खिडकीशी बसून उजव्या हाताने डाव्या हाताची बोटं एकेक सरळ करत होती.

‘मी वर्षभर गेले तर चालेल तुला?’

‘जा की. माझं काय, माझे खायचे दात जावयाच्याच हातात आहेत.’ कवळी त्यानेच बनवलेली होती.

‘त्याचं हे असं एकदम… मला काही कळत नाही. त्याच्या मनात काय आहे?’

‘अगं, तो काय हत्ती आहे? सगळे दात टेबलावर मांडलेले असतात त्याचे.’ आई स्वतःच्याच विनोदावर खूश झाली, आणि मग तिने मुलीच्या चेहऱ्याकडे बघून हसू आवरलं. ते आवरणं मुलीने टिपलं. ‘जा की’ फार लवकर आलं होतं. विचारण्याआधीच तयार असल्यासारखं.

कामावर त्याच आठवड्यात ‘भेट’ची फेरतपासणी चालली होती, कारण पहिली चुकली होती, आणि ती चूक तिची होती. नव्या पत्त्याचं पहिलं वजन तपासणारे एकट्यानेच करतात. टेबलाच्या एका बाजूला बसून उजव्या हाताने एकाचा डाव खेळायचा आणि डाव्या हाताने दुसऱ्याचा. सगळ्याच कंपन्यांत तसं करतात, वेळ वाचतो. तिने तसे ढीगभर डाव खेळून भेटीची किंमत ठरवली होती : बाग जाते, पण हातात एक पत्ता जास्त येतो, तो लगेच लावला की दोन-तीन खेळींत माणूस सावरतो. तराजू सरळ. मग बाहेरची माणसं बोलावली, खोलीत समोरासमोर बसवली, आणि तराजू पार कलंडला. ‘भेट’ म्हणणारा जवळजवळ नेहमी जिंकू लागला. मास्तर म्हणाले, भेट दुप्पट करू, दोन पत्ते देऊ. तिने थांबा म्हटलं, आणि ती काचेमागे जाऊन बसली. त्या काचेतून खोली दिसे, खोलीतून फक्त आरसा. तिने डावाकडे बघायचं सोडून घेणाऱ्यांच्या हातांकडे बघितलं. भेट मिळालेला पत्ता लोक हातातल्या बाकीच्या पत्त्यांत मिसळत नसत. तो एका टोकाला, थोडा अंतर ठेवून धरत. वळून वळून त्याच्याकडे बघत. तोच पत्ता आपल्या पाळीने उचलला तर हसत लावणारी माणसं, भेट म्हणून आला तर तो घेऊन बसत, काहीतरी गोम असणार म्हणून, आणि हरत. डाव संपला की तो पत्ता तिथेच, टोकाला, न खेळलेला. तिच्या एकटीच्या डावांत असं कधी झालं नव्हतं, कारण तिथे देणारं आणि घेणारं डोकं एकच होतं. उजव्या हाताला डाव्याचा संशय येत नाही.

‘म्हणजे देणाऱ्याचं काही जातच नाही?’ मास्तरांनी डोळे मोठे केले.

‘जातं. पण समोरचा घेत नाही.’

‘अहो, पण नाकारता येत नाही असा नियम आहे.’

‘हातात घेतो. खेळत नाही.’

‘मग दोन दिले तरी दोन घेऊन बसेल.’

‘जास्तच बसेल.’

‘काय ही माणसाची जात, तराजूबाई,’ मास्तर म्हणाले, आणि या वेळी विनोद केला नाही.

घरी येताना ती एक थांबा आधी उतरली. पायी चालताना दुकानांच्या काचांत ती स्वतःला दिसत होती, पर्स पोटाशी धरून चाललेली, आणि तिला ते टोकाला धरलेले पत्ते आठवले. मिळालेलं न वापरता ती हरत होती हे तिला स्पष्ट दिसत होतं. पण त्याच्या पुढचंही दिसत होतं : त्या माणसांचा संशय चुकीचा कुठे होता? बाग तर गेलीच होती. फरक एवढाच की त्यांच्या खेळातल्या पत्त्यावर दोन्ही गोष्टी छापलेल्या होत्या, वर भेट, खाली पूर. दोघांनाही वाचता येत. तिला मिळालेल्या पत्त्याचं खालचं अर्धं कोरं होतं. ते कुणीतरी वाचून दाखवायला हवं होतं, आणि वाचता येणारा एकच माणूस होता. शुक्रवार उद्यावर आला होता.

तो मेणाच्या हिरड्यांत दात बसवत होता. खोलीत गरम मेणाचा वास होता आणि उन्हाची तिरीप टेबलाच्या पायापर्यंत सरकली होती. आई आपल्या खोलीत आडवी झाली होती. ती आईच्या रिकाम्या खुर्चीत बसली. त्या खुर्चीतून खोली कशी दिसते हे तिने कधी पाहिलं नव्हतं. शांत दिसत होती.

‘मी गेले तर तुला काय मिळेल?’

‘तुला वर्ष मिळेल. मोठ्या खिडक्यांचं.’ खिडक्यांचं त्याला कसं कळलं? मग आठवलं, ती छायाचित्रं तिने उघडीच ठेवली होती.

‘मला काय मिळेल ते मी विचारलं नाही.’

त्याने मेण वितळवायचा दिवा विझवला. चिमटा खाली ठेवला, मग तो इतर चिमट्यांच्या ओळीत सरळ केला. ‘खरंच ऐकायचंय?’

‘हो.’

‘तू घरात आलीस ना, की आई सरळ बसतात. पाय आखडून. परीक्षेला बसल्यासारख्या.’ तो तिच्याकडे न बघता बोलत होता. ‘मीसुद्धा. तुझी किल्ली वाजली की मी टेबल आवरायला लागतो. कशाला आवरतो देव जाणे.’

‘मी कधी काही बोलले तुम्हा दोघांना?’

‘बोललीस तर बरं होईल गं. भांडता येईल. तू बोलत नाहीस, बघतेस. आईंनी चमचा कसा धरला ते बघतेस. मी जांभई दिली तर का दिली ते बघतेस. चुकत काहीच नाहीस. आईंची तब्येत तुझ्यामुळेच एवढी सुधारली, मी सगळ्यांना सांगतो.’ त्याने टेबलावरचं मेण नखाने खरवडलं. ‘वर्षभर कुणी बघणार नाही. एवढंच. मला तेच मिळेल.’

‘आणि आईला?’

‘त्यांनाही.’

‘ती असं म्हणाली?’

‘त्या कशाला म्हणतील? त्या तुझी आई आहेत.’ मग, जरा वेळाने, ‘आणि तुला जायचं आहे. ते पण खरं आहे. दोन्ही खरं आहे.’

तिने डॉक्टरीणबाईंचा विचार केला होता, हलगर्जीपणाचा केला होता, कंटाळ्याचाही केला होता. हे कुठल्याच रांगेत बसत नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते वेगळंच. एखाद्या बाटलीवरचं पुसट लेबल शेवटी वाचता यावं आणि आत विषच निघावं, तरी वाचता आल्याचं समाधान व्हावं, तसं. बाग गेली होती. ती त्याने आज नेली नव्हती. ती रोज थोडी थोडी, किल्लीच्या प्रत्येक आवाजाला जात होती, आणि काचेमागून बघता बघता नेमकं तेवढंच तिला दिसलं नव्हतं. की हे तो मुद्दाम बोलतोय, दुखावली म्हणजे जाईल म्हणून? तिने तो विचार येताना पाहिला. तो त्याच वाटेने, त्याच चालीने आला होता, आणि तिला पहिल्यांदाच वाटलं की याला बसायला खुर्ची दिलीच पाहिजे असं नाही.

‘बिस्किट होतं ना ते?’ तिने विचारलं.

‘बिस्किट होतं,’ तो म्हणाला. ‘अर्धं.’

‘अर्धं चालेल,’ ती म्हणाली. ती उठली आणि बाहेरच्या खोलीतून तिने मुख्य कचेरीला फोन लावला. पलीकडच्या माणसाने नाव विचारलं, विभाग विचारला, आणि ती येते म्हणाल्यावर ‘बरं झालं बाई, आम्ही आशा सोडली होती’ म्हणाला. तिने फोन ठेवला. कामाच्या खोलीतलं यंत्र अजून सुरू झालं नव्हतं.

‘कोण होतं गं?’ आईने आपल्या खोलीतून विचारलं.

‘कचेरी. येते म्हणून सांगितलं.’

ती दारात जाऊन उभी राहिली. आई उशीला टेकून उठून बसली होती, शेजारच्या तिपाईवर चहाचा कप होता, आणि मुलगी दिसताच तिचे पाय चादरीखाली आखडले गेले. खरंच. किती सहज! ते पाय आखडणं ती एवढी वर्षं व्यायामाच्या खात्यात धरत आली होती.

‘ये, बस जरा,’ आई म्हणाली.

ती पलंगाच्या कडेवर बसली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, वळून आईकडे पाठ करून बसली, समोरच्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर काही नव्हतं. मागे आईचा श्वास थांबल्यासारखा झाला, मग पुन्हा सुरू झाला. चादर सरकली. पाय लांब झाले असावेत. कप उचलल्याचा आवाज आला, एक मोठा, मोकळा घोट, जो तिने या घरात आईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग कप तिपाईच्या कडेला आपटला, बशी घसरली, आणि काहीतरी थेंबथेंब खाली पडू लागलं.

‘सांडला वाटतं,’ आई म्हणाली. आवाजात भीती नव्हती.

तिची मान वळायला निघाली होती. तिने ती धरून ठेवली.

‘असू दे,’ ती म्हणाली, आणि दोघी तशाच बसून राहिल्या.